इबेलिनचा बलियन : बैतुल मुकद्दसच्या चाव्या सुलतानाच्या हाती देणारा सलीबी सरदार

मध्यंतरी वर्गात एका मुलाने आम्हाला विचारले, "सर, बैतुल मुकद्दस वाचवणारा तो बलियन खरंच लोहार होता का?" त्याने २००५ साली आलेला 'किंगडम ऑफ हेवन' हा इंग्रजी सिनेमा मोबाइलवर पाहिला होता. आपल्या बऱ्याच घरांत हा सिनेमा पाहिला गेला आहे, कारण त्यात सुलतान सलाहुद्दीन अय्युबी (रह.) यांना इज्जतीने दाखवले आहे. हॉलिवूडमध्ये तसे फार वेळा होत नाही. पण सिनेमातला बलियन फ्रान्समधला एक गरीब लोहार आहे, तो बापाच्या मागे जेरुसलेमला येतो आणि तिथल्या राजकन्येच्या प्रेमात पडतो. यातले जवळजवळ सगळे बनावट आहे.

खरा बलियन लोहार नव्हता, फ्रान्सहून आलेलाही नव्हता. तो फलस्तीनच्या मातीतच जन्मला आणि वाढला. त्याचे खानदान सलीबी राज्यातल्या सर्वांत बलाढ्य खानदानांपैकी एक होते. त्याची गोष्ट सिनेमापेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे आणि आपल्यासाठी जास्त कामाचीही. आपल्या मुलांना आपण सुलतान सलाहुद्दीन यांची कहाणी सांगतो, पण समोर कोण उभे होते हे सांगत नाही. समोरचा माणूस कळला नाही तर सुलतानांचा इन्साफ किती मोठा होता हेही नीट कळत नाही. म्हणून आज त्या समोरच्या माणसाबद्दल.

'इबेलिन' म्हणजे आपले यिब्ना

सन १०९९ मध्ये पहिल्या सलीबी जंगेत युरोपच्या फौजांनी बैतुल मुकद्दस घेतले. शहरातल्या मुसलमानांची आणि यहुद्यांची कत्तल झाली. त्यानंतर किनाऱ्यालगत जी राज्ये उभी राहिली त्यांच्या लोकांना अरब 'फिरंज' म्हणत. हा शब्द 'फ्रँक' या नावावरून आला. पुढे अरबी-फारसीतून तो हिंदुस्थानात पोहोचला आणि मराठीत 'फिरंगी' झाला. शिवकाळाच्या धड्यात मुले जो शब्द वाचतात, त्याचे मूळ इतके दूर आहे.

या फिरंगी राज्यात बारिसान नावाचा एक सरदार होता. साधारण १११५ च्या सुमारास तो याफा शहराचा अधिकारी होता. त्याआधीच्या त्याच्या पिढ्यांचा पक्का ठावठिकाणा मिळत नाही. म्हणजे हे काही जुने शाही घराणे नव्हते, सरहद्दीवर नोकरी करता करता वर आलेला हा माणूस होता. ११४१ मध्ये राजा फुल्कने अस्कलानच्या मुस्लिम किल्ल्यावर नजर ठेवण्यासाठी यिब्ना या गावी एक किल्ला बांधला आणि बारिसानच्या हवाली केला. फिरंग्यांच्या जिभेवर यिब्नाचे 'इबेलिन' झाले आणि खानदानाला तेच नाव चिकटले.

यिब्ना हे नाव आपल्यालाही परके नसावे. तिथे एक जुना मकबरा आहे, तो हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या नावाने ओळखला जात असे. पुढे मामलुक सुलतान बैबर्सने तिथे बांधकाम केले. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचा इंतकाल मदिन्याला झाला हे आपण जाणतोच, पण तिथल्या लोकांच्या मनात त्या जागेची मोठी कदर होती. १९४८ मध्ये यिब्नाचे मुसलमान रहिवासी बेघर झाले. म्हणजे ज्या गावावरून एका सलीबी खानदानाने नाव घेतले, ते गाव आज आपल्याला निर्वासितांच्या आठवणींतच सापडते.

बारिसानने रमल्याच्या जमीनदार घराण्यातल्या हेल्विसशी लग्न केले. त्याला ह्यू, बाल्डविन आणि धाकटा बलियन असे तीन मुलगे होते. धाकट्याचे मूळ नाव बापाचेच, बारिसान. फ्रेंच बोलीत त्याचे 'बलियन' झाले. अरब इतिहासकार त्याला 'बालियान इब्न बारझान' म्हणतात. ११५० मध्ये बाप गेला तेव्हा बलियन लहान होता.

जम्माईल गावचे मुहाजिर

इथे एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. इंग्रजी पुस्तकांत तो एखाद्या ओळीत येतो, पण आपल्या दीनी इल्मच्या इतिहासात त्याची जागा मोठी आहे.

नाबलुसजवळ जम्माईल नावाचे गाव आहे. बाराव्या शतकाच्या मध्यावर हा भाग याच खानदानातल्या एका सरदाराच्या, म्हणजे बलियनच्या थोरल्या भावाच्या ताब्यात होता. गावात शेतकरी मुसलमान राहत. शेख अहमद बिन मुहम्मद बिन कुदामा हे तिथले आलिम. जुम्म्याला आसपासच्या गावांतून लोक त्यांना ऐकायला येत. या खानदानाच्या पुढच्या पिढीतले मुहद्दिस जियाउद्दीन मकदिसी यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले लिहून ठेवले आहे. इतर फिरंगी माणशी एक दीनार कर घेत, हा सरदार चार घेई, आणि लोकांचे पाय तोडण्याची सजाही देई. शेखांमुळे लोक शेतीचे काम सोडून मशिदीत जमतात, अशी तक्रार सरदाराकडे गेली. त्याने शेखांना ठार मारायचे ठरवले. खबर लागताच शेख ११५६ मध्ये दमिश्कला निघून गेले. मागोमाग घरची माणसे आणि गावातले आणखी लोक गेले.

हे मुहाजिर दमिश्कच्या कासियून डोंगराच्या उतारावर वसले. ती वस्ती म्हणजे सालिहिया मोहल्ला. शेखांचा एक मुलगा त्या वेळी नऊ-दहा वर्षांचा होता. तोच पुढे इमाम मुवफ्फकुद्दीन इब्न कुदामा (रह.) झाला. हंबली फिकहची 'अल-मुगनी' ही मोठी किताब त्यांचीच. आजही मदरशांत ती हवाल्याला काढली जाते.

आता दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा. यिब्नाच्या किल्ल्यात एक मुलगा सरदाराचा धाकटा भाऊ म्हणून वाढतो. तिथून एक-दोन दिवसांच्या वाटेवर दुसरा मुलगा त्याच खानदानाच्या भीतीने आई-बापाचा हात धरून गाव सोडतो. एकतीस वर्षांनी बैतुल मुकद्दसच्या तटाच्या आत पहिला होता. बाहेर सुलतानांच्या फौजेबरोबर दुसरा होता.

राणीशी निकाह आणि नाबलुसची जहागीर

धाकट्या मुलाच्या वाट्याला तेव्हा फारसे काही येत नसे. ह्यू वारल्यावर मधल्या बाल्डविनकडे रमला गेले आणि इबेलिन त्याने बलियनला दिले. तरी बलियनचे खरे नशीब लग्नाने उघडले. ११७७ मध्ये त्याने मारिया कॉम्नेनाशी लग्न केले. मारिया ही जेरुसलेमचा दिवंगत राजा अमालरिक याची विधवा आणि कॉन्स्टँटिनोपलच्या बादशाहाच्या भावाची नात. शाही हक्काची जहागीर म्हणून नाबलुस तिच्याकडे होते, ते आता बलियनच्या हाती आले. मारियाला पहिल्या नवऱ्यापासून इसाबेला नावाची पाच वर्षांची मुलगी होती. तिच्यामुळे बलियन राजकन्येचा सावत्र बाप झाला.

बलियन आणि मारिया यांना चार मुले झाली : जॉन, फिलिप, हेल्विस आणि मार्गरेट. सिनेमात बलियनचे सूत राजकन्या सिबिलाशी जुळवले आहे. खरे म्हणजे तिच्याशी लग्नाची इच्छा त्याचा भाऊ बाल्डविन धरून होता. पण ११८० मध्ये तिचे लग्न गी द लुझिन्याँ या फ्रान्सहून आलेल्या सरदाराशी झाले आणि इबेलिन खानदानाच्या मनात ती अढी कायमची राहिली.

रणांगणावर बलियन कच्चा नव्हता. ११७७ च्या नोव्हेंबरात रमल्याजवळ मोंजिसारच्या लढाईत सुलतानांना मोठी शिकस्त खावी लागली. त्या लढाईत हे दोघे भाऊ फिरंगी फौजेत होते. आपल्या पुस्तकांत ही लढाई सहसा वगळली जाते. ती वगळू नये. हारूनही सुलतान पुन्हा कसे उभे राहिले हे मुलांना कळायला हवे.

११८३ मध्ये इसाबेलाचे लग्न करकच्या किल्ल्यात झाले. ती अकरा वर्षांची होती, नवरदेव हम्फ्री. ऐन लग्नात सुलतानांनी किल्ल्याला वेढा घातला. ख्रिस्ती तवारीखमध्ये लिहिले आहे की वरमाईने लग्नाचे जेवण सुलतानांकडे पाठवले, आणि सुलतानांनी नवरा-नवरी कोणत्या बुरुजात आहेत हे विचारून त्या बुरुजावर मारा करू नका असा हुकूम दिला. ही तवारीख एर्नूल या माणसाच्या नावाशी जोडली जाते, आणि हा एर्नूल बलियनच्याच पदरी होता. म्हणजे ही तारीफ दुश्मनाच्या घरातून आलेली आहे.

हित्तीन

११८५ मध्ये कुष्ठरोगी राजा बाल्डविन चौथा वारला, पुढच्या वर्षी त्याचा बालवारसही गेला आणि गी राजा झाला. बलियनचा भाऊ इतका चिडला की गीला राजा म्हणून न मानता, आपला लहान मुलगा बलियनकडे सोपवून अंताकियाला निघून गेला. बलियन मात्र थांबला. पटत नसताना त्याने गीपुढे मान झुकवली आणि रुसलेला तबरियाचा सरदार रेमंड व राजा यांच्यात समेट घडवायच्या कामाला लागला. भांडणाऱ्यांच्या मधे उभे राहणे हे काम त्याने आयुष्यभर केले.

याच कामासाठी निघालेल्या वफदबरोबर तो ११८७ च्या एप्रिलअखेर होता. वाटेत तो नाबलुसला आपल्या कामासाठी थांबला, मग सणाच्या प्रार्थनेसाठी आणखी रेंगाळला. दरम्यान १ मे रोजी पुढे गेलेल्या सवारांचा मुस्लिम फौजेने फडशा पाडला. बलियन पोहोचला तेव्हा तंबू रिकामे होते.

दोन महिन्यांनी, ४ जुलै ११८७ ला, हित्तीनची लढाई झाली. तहानेने हैराण झालेली फिरंगी फौज सुलतानांनी घेरली. राजा गी पकडला गेला. हाजींचे काफिले लुटणारा रेनाल्ड मारला गेला. बलियन फौजेच्या पिछाडीला होता. तो आणि सैदाचा सरदार रेनाल्ड (हा वेगळा) अशा मोजक्या लोकांनी घेरा फोडला. बलियन सूर शहरात पोहोचला. त्याचे नाबलुस गेले, इबेलिन गेले. बायको-मुले बैतुल मुकद्दसमध्ये अडकली होती.

मोडलेली कसम

इथून गोष्ट खऱ्या अर्थाने दोन माणसांची होते.

बलियनने सुलतानांकडे निरोप पाठवला : बायको-मुलांना आणायला शहरात जाऊ द्या. सुलतानांनी परवानगी दिली. अटी दोन. शहरात एकच रात्र राहायचे, आणि पुन्हा आमच्याविरुद्ध हत्यार उचलायचे नाही. बलियनने कसम खाल्ली आणि निघाला.

शहरात पोहोचला तर लोकांनी त्याला गराडाच घातला. लढणारा मोठा सरदार उरला नव्हता. भोवतालच्या गावांतून पळून आलेल्या बायका-मुलांनी शहर भरले होते. मुख्य धर्मगुरू हेराक्लियसने सांगितले की ही कसम पाळण्यापेक्षा मोडणेच योग्य, मी तुला तिच्यातून मोकळे करतो. बलियन राहिला.

आता वचन मोडणारा माणूस काय करतो? गप्प बसतो, नाहीतर बहाणे काढतो. बलियनने अस्कलानला असलेल्या सुलतानांना कळवून टाकले की मला जबरदस्तीने थांबावे लागत आहे आणि मी कसम पाळू शकत नाही. आणि सुलतानांनी? त्यांच्या हातात मोठे हत्यार आले होते. वचनभंग करणाऱ्याच्या बायको-मुलांना शहरात अडकून राहू देणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मारिया, तिची मुले आणि घरची माणसे यांना आपल्या संरक्षणात शहराबाहेर काढले आणि सुखरूप तराबलसच्या वाटेला लावले. काही दिवसांनी आपण ज्या माणसावर हल्ला करणार आहोत, त्याच्या कुटुंबाला त्यांनी आधी सुरक्षित केले. हा वाकया मुलांना सांगताना आम्ही नेहमी इथे थांबतो. दुश्मनाने कसम मोडली म्हणून त्याच्या बायको-मुलांशी बदसलूकी जायज होत नाही, हे समजायला याहून सोपे उदाहरण नाही.

वेढा आणि धमकी

शहरात नाइट म्हणावेत असे लोक बोटांवर मोजण्याइतके होते. बलियनने सरदारांची मुले आणि शहरातले काही व्यापारी, अशा साठेक जणांना एका झटक्यात नाइट बनवले. २० सप्टेंबरला सुलतानांची फौज आली. आधी पश्चिमेकडून हल्ला झाला, तो टिकला नाही. मग फौज उत्तरेला सरकली. सुरुंग लावणाऱ्यांनी तट खालून पोखरला आणि २९ तारखेला तटाला खिंडार पडले.

बलियन बोलणीसाठी बाहेर आला. सुलतानांनी सुरुवातीला ऐकून घ्यायलाच नकार दिला. १०९९ मध्ये तुमच्या लोकांनी जसे हे शहर तलवारीने घेतले तसेच मी घेईन, अशी त्यांची कसम होती. शिवाय आधी देऊ केलेला सुलह शहरवाल्यांनी धुडकावला होता.

तेव्हा बलियनने आपला शेवटचा पत्ता टाकला. इब्न अल-असीर यांनी तो नोंदवला आहे. बलियन म्हणाला की अमान मिळणार नसेल तर आम्ही आमच्या बायका-मुलांना स्वतःच मारू, माल जाळू, शहरातल्या पाच हजार मुसलमान कैद्यांना कापू, कुब्बतुस सखरा आणि मस्जिदे अक्सा पाडू, आणि मग एकेक जण मरेपर्यंत लढू.

सिनेमात हा प्रसंग वीराच्या भाषणासारखा येतो. पण नीट पाहा, ही मुळात ओलिसांच्या जिवाची आणि अल्लाहच्या घराच्या विटंबनेची धमकी होती. बलियनला 'चांगला ख्रिस्ती' म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी हे विसरू नये. आणि त्याला निव्वळ सैतान ठरवणाऱ्यांनी दुसरी बाजू विसरू नये. शहरात हजारो बायका-मुले होती आणि त्याच्या हातात दुसरे काहीच उरले नव्हते.

सुलतानांनी आपल्या अमीरांशी मश्वरा केला. कसमेचा प्रश्न असा सोडवला की शहर जबरदस्तीने घेतल्याप्रमाणेच आहे, लोक कैदी आहेत आणि ते फिदया देऊन सुटतील. रक्त न सांडता काम होत असताना कसमेच्या शब्दाला अडून बसले नाहीत.

दहा, पाच आणि उरलेले

ठरले ते असे. पुरुषामागे दहा दीनार, बाईमागे पाच, मुलामागे दोन (काही इतिहासकार एक लिहितात). मुदत चाळीस दिवस. ज्यांच्याजवळ पैसे नाहीत अशा सात हजार गरिबांसाठी बलियनने ठोक तीस हजार दीनारांवर सौदा केला. ही रक्कम इंग्लंडच्या राजाने हॉस्पिटलर पंथाकडे ठेवलेल्या खजिन्यातून उभी राहिली.

२ ऑक्टोबर ११८७, शुक्रवार, २७ रजब ५८३ हिजरी. मेराजची तारीख. त्या दिवशी शहर मुसलमानांच्या हवाली झाले. १०९९ ची कत्तल पुन्हा घडली नाही. टेंपलर पंथाने मस्जिदे अक्साचे आपले ठाणे करून टाकले होते. ती धुऊन गुलाबपाण्याने पाक केली गेली. पुढच्या जुम्म्याला काजी मुहियुद्दीन इब्न अल-जकी यांनी खुतबा दिला. नूरुद्दीन जंगी (रह.) यांनी याच दिवसासाठी बनवून घेतलेला मिंबर हलबहून आणला गेला. हाच मिंबर १९६९ मध्ये मस्जिदीला लावलेल्या आगीत जळाला.

धर्मगुरू हेराक्लियसने स्वतःचे दहा दीनार भरले आणि चर्चचे सोने-चांदी गाड्यांत भरून निघाला. गरीब मात्र मागे बसून होते. ते जप्त करा असे सुलतानांच्या लोकांनी सुचवले. आपण वचन दिले आहे, असे म्हणून त्यांनी जाऊ दिले. मग सुलतानांचे भाऊ अल-आदिल यांनी हजार कैदी मागून घेतले आणि तिथेच आजाद केले. हेराक्लियसला सातशे आणि बलियनला पाचशे सोडवायला दिले. म्हाताऱ्यांना सुलतानांनी स्वतः फिदया न घेता सोडले. होली सेपल्कर हे चर्च पाडायचा सल्लाही आला होता. हजरत उमर (रजि.) यांनी ते राहू दिले होते, या दाखल्यावर सुलतानांनी तो नाकारला.

पण प्रामाणिकपणे पुढचेही सांगितले पाहिजे. हजारो लोक फिदया देऊ शकले नाहीत आणि गुलाम झाले. सुलतानांचे स्वतःचे चिटणीस इमादुद्दीन त्यांचा आकडा पंधरा हजारांच्या आसपास देतात. वसुलीत कारकुनांनी केलेल्या लबाडीवरही त्यांनी बोट ठेवले आहे. बलियन आणि हेराक्लियस यांनी या लोकांच्या बदल्यात स्वतःला ओलीस ठेवायची तयारी दाखवली, ती मान्य झाली नाही. त्या काळात जगभर जंगेचा दस्तूर असाच होता, हे खरे. पण म्हणून ती पाने फाडून इतिहास शिकवायचा का? आम्हाला तसे वाटत नाही. आपल्या इतिहासकारांनीच जे लिहून ठेवले ते आपण का लपवावे?

सुटलेल्या लोकांच्या नशिबीही सुख नव्हते. तराबलसच्या हद्दीत त्यांच्याच धर्माच्या सरदारांनी त्यांना लुटले. जे मिसरमध्ये इस्कंदरियाला गेले, त्यांना इटालियन जहाजवाले फुकट न्यायला तयार नव्हते. तिथल्या मुस्लिम अधिकाऱ्यांनी दबाव आणून त्यांना जहाजांवर चढवले. हेही ख्रिस्ती तवारीखमध्येच आहे.

राज्य गेले, खानदान उरले

बलियन तराबलसला बायको-मुलांना भेटला. पुढे अक्क्याच्या वेढ्यात आणि तिसऱ्या सलीबी जंगेत तो पुन्हा सुलतानांच्या विरुद्ध बाजूला दिसतो. ११९० मध्ये राणी सिबिला वारली आणि गादीचा हक्क सावत्र मुलगी इसाबेलाकडे आला. मारिया आणि बलियन यांनी दबाव टाकून तिचे हम्फ्रीशी लग्न मोडायला लावले आणि सूरचा बहाद्दर कॉनराडशी लावले. मुलीला हम्फ्री सोडायचा नव्हता. राजकारणात मुलगी प्याद्यासारखी वापरली गेली आणि त्यात तिची सख्खी आई पुढे होती. इंग्लंडच्या रिचर्ड राजाच्या बाजूचे लेखक या दोघांबद्दल फार कडवट लिहितात.

सप्टेंबर ११९२ मध्ये याफ्याला सुलह झाली, तीन वर्षे आठ महिन्यांसाठी. किनाऱ्याची पट्टी फिरंग्यांकडे, बैतुल मुकद्दस मुसलमानांकडे आणि ख्रिस्ती यात्रेकरूंना जाण्या-येण्याची मोकळीक. फिरंग्यांकडून कसम खाणाऱ्यांत बलियनही होता. त्याच्या जुन्या जमिनी कायमच्या गेल्या होत्या. सुलतानांनी त्याला अक्क्याजवळ कैमून हे ठाणे आणि आसपासची काही गावे दिली. एकदा कसम मोडलेल्या दुश्मनाला सुलहनंतर जमीन! ४ मार्च ११९३ ला सुलतानांचा दमिश्कला इंतकाल झाला. त्याच साली बलियनही वारला. मारिया १२१७ पर्यंत जगली.

इसाबेला जेरुसलेमची राणी झाली. राजधानी मात्र अक्क्याला, कारण जेरुसलेम हातात नव्हते. तिची एकूण चार लग्ने झाली. तिच्या मुलींतून जेरुसलेम आणि सायप्रस या दोन्ही गाद्यांचे वारस निघाले. बलियनचा मुलगा जॉन बैरूतचा सरदार झाला. त्याने उजाड बैरूत पुन्हा बांधले. १२१२ मध्ये तिथे गेलेल्या एका जर्मन यात्रेकरूने त्याच्या महालाचे वर्णन केले आहे. पाण्याच्या लाटांसारखी भासणारी फरशी आणि मध्ये कारंजे. ते काम शामी, ग्रीक आणि मुसलमान कारागिरांनी एकमेकांशी चढाओढ करत केले होते. ज्या खानदानाने जम्माईलच्या मुसलमान शेतकऱ्यांकडून चौपट कर घेतला, त्याच खानदानाच्या घरात मुसलमान हाताची नक्षी होती.

धाकटा फिलिप सायप्रसचा कारभारी झाला. त्याचा मुलगा जॉन, याफ्याचा काउंट, याने जेरुसलेम राज्याच्या कायद्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. तो आजही अभ्यासक वापरतात. जर्मन बादशाह फ्रेडरिक दुसरा १२२८ मध्ये आला आणि बैरूत मागू लागला, तेव्हा जॉनने न्यायालयात सिद्ध करा म्हणून ठणकावले. त्यातून ख्रिस्ती-ख्रिस्ती अशी लढाई वर्षानुवर्षे चालली. १२९१ मध्ये मामलुकांनी अक्का घेतला आणि बैरूतही गेले. इबेलिन खानदान मग सायप्रसमध्येच राहिले.

मुलांना काय सांगायचे

सिनेमा किंवा तुर्की मालिका मुलांनी पाहू नयेत असे आम्ही म्हणणार नाही. त्यातूनच प्रश्न निघतात. पण पाहून झाल्यावर घरात दहा मिनिटे बोलावे. त्यात बनावट काय, खरे काय आणि हे सांगितले कोणी, या तीन गोष्टी विचारल्या तरी पुष्कळ.

आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही सांगितले की बलियन लोहार नव्हता आणि देवदूतही नव्हता. तो आपल्या लोकांसाठी कसम मोडणारा, मशिदी पाडायची धमकी देणारा आणि त्याच लोकांसाठी ओलीस राहायला तयार असणारा माणूस होता. त्यावर त्याने विचारले, "मग सुलतानांनी त्याला माफ का केलं?"

आम्ही म्हटले, त्याच्या चांगुलपणामुळे नाही. समोरचा जसा असेल तसे आपण व्हायचे, हा सुलतानांचा कायदा नव्हता. अल्लाहने इन्साफाचा हुकूम दिला तो दुश्मनासाठीही दिला. कमजोराशी, वचन मोडणाऱ्याशी आणि हरलेल्याशी आपण कसे वागतो, यावर आपली परीक्षा होते. आज यिब्नाच्या आणि नाबलुसच्या बातम्या वाचताना मन जळते. तेव्हाही जम्माईलच्या मुहाजिरांचे मन जळतच होते. पण त्यांच्यातूनच इब्न कुदामा निघाले, ज्यांनी इल्म कमावला आणि जे एक दिवस मस्जिदे अक्साकडे परत गेले.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म, सबर आणि इन्साफ देवो. आमीन.